आईला 'तुम्ही' का म्हणतात?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही दोघांनी जे विचारलंत ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. बाबांचा प्रश्न होता की जाहिरातीतले आई-बाप कायम खुर्चीत बसून मुलगा काय आणतोय याची वाट का बघत असतात. आई, तुझा प्रश्न लहान पण जास्त नेमका होता: जाहिरातीतली मुलगी सख्ख्या आईला अहो-जाहो का करते? आधी तुझा घेते.

मोठ्या कंपन्यांच्या ज्या जाहिराती तुम्ही मराठीत बघता, त्यातल्या पुष्कळशा हिंदीत चित्रित झालेल्या असतात. मग त्याच फिल्मवर मराठी, बंगाली, तमिळ आवाज चढवतात. हिंदीत मुलगी आईला 'आप' म्हणते. मराठी मजकूर लिहिणाऱ्याला तो संध्याकाळपर्यंत द्यायचा असतो, तो 'आप'च्या जागी 'तुम्ही' टाकतो आणि सुटतो. हिंदीत जो आदर आहे, तो मराठीत आला की आईची सासू होते. आपल्याकडे आई 'तू', आजी 'तू', बाबा बहुतेक घरांत 'तुम्ही', आणि देवसुद्धा 'तू'. तेव्हा सर्वनामावरून मान मोजायचा नसतो हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. डबिंगच्या कागदावर मात्र ते कुठेच लिहिलेलं नसतं. तीच गत निरोपाची. 'मैं चलती हूँ'चं 'मी जाते' होतं आणि घराबाहेर पडणारी मुलगी आईला चक्क 'जाते' म्हणून मोकळी होते. कुठल्याही आजीने तिला उंबऱ्यातच थांबवून 'येते म्हण' असं सांगितलं असतं.

आता ओठ. 'माँ' किंवा 'मम्मी' म्हणताना ओठ मिटतात. 'आई'त मिटतच नाहीत, दोन्ही स्वर, तोंड उघडं. पडद्यावर मुलाचा चेहरा मोठा दिसत असेल, ओठ मिटलेले असतील आणि कानावर 'आई' पडलं, तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं. यावर उपाय आहेत. ओठ मिटणाऱ्या अक्षराने सुरुवात करायची: 'बघ आई', 'मग आई'. किंवा हाक तिथून उचलून मुलाची पाठ दिसते त्या शॉटवर टाकायची. तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त, 'मम्मी' तशीच ठेवायची. वेळ नसला की तिसराच होतो. बाबांचं नशीब बरं, 'पापा'च्या जागी 'बाबा' बिनबोभाट बसतं, कारण दोन्हीकडे ओठ दोनदाच मिटतात. जाहिरातींत मराठी बाबा टिकले आणि मराठी आईची मम्मी झाली, याला संस्कृतीपेक्षा हे ओठ जास्त जबाबदार आहेत असं माझं प्रामाणिक मत आहे. कंपनीने पैसे सोडले तर त्याच सेटवर, त्याच नटांकडून मराठीचा वेगळा टेक घेता येतो. तो घेतलाय हे लगेच कळतं, कारण त्यात आई 'अगं' म्हणते.

बाबा, आता तुमची खुर्ची.

टीव्हीवरच्या जाहिरातीचा दर १० सेकंदांवर ठरतो. फिल्म ३० सेकंदांची असेल तर दर वेळी दाखवताना तिप्पट, आणि अशी ती आठवडाभरात शेकडो वेळा दाखवायची असते. ३० सेकंद म्हणजे आपल्याकडे ७५० चौकटी (फ्रेम). पहिली चार-पाच सेकंदं घर दाखवण्यात जातात: खिडकीतून ऊन, तुळस, भिंतीवर फोटो. फोटोला हार नको, नाहीतर 'कोण गेलं?' यातच बघणारा अडकतो. पुढची सात-आठ सेकंदं अडचणीची. मग आठ-दहा सेकंद वस्तू, तिच्यानंतर कुणाचा तरी खुललेला चेहरा, आणि शेवटची तीन सेकंदं नुसता पुडा, डबा किंवा लोगो. याला पॅकशॉट म्हणतात आणि त्याला कोणी कात्री लावत नाही.

त्यातला तो खुललेला चेहरा म्हणजे तुम्ही लोक. मुलाने वस्तू घेतली, पैसे दिले, आणि आपण चांगला मुलगा आहोत याची पावती त्याला आईच्या किंवा बाबांच्या चेहऱ्यावर मिळते. पावती घेण्यासाठी कोणीतरी समोर बसलेलं लागतं, म्हणून ती खुर्ची. उभा राहून स्वतःच पंखा बसवणारा बाप पावती देत नाही, त्याला पंखा कसा आहे तेच बोलायचं असतं.

आणि ही ३० सेकंदांची फिल्म महिन्याभरात २० ची होते, मग १० ची. कापताना पहिलं काय जातं? म्हाताऱ्यांचं वाक्य. पॅकशॉट हलत नाही, वस्तूचा गुण सांगणारं वाक्य हलत नाही, आणि आईचा चेहरा बोलल्याशिवायही पावतीचं काम करतो. पूर्ण फिल्ममध्ये 'मला नको रे, तुझ्यासाठी घे' असं काहीतरी बोलणारी आई २० सेकंदांत मुकी होते, १० मध्ये नुसती मान डोलावते. तुम्ही दुपारी बघता ती हीच कापलेली. लिहिणाऱ्याने तुम्हाला मुकं लिहिलंच होतं असं दर वेळी नसतं.

याच्या मुळाशी एक कोष्टक आहे. प्रेक्षक मोजण्याचं काम बार्क ही संस्था करते. त्यात वयाचे गट पाडलेले असतात आणि शेवटचा गट '६१ आणि पुढे'. म्हणजे कालपरवा निवृत्त झालेला माणूस आणि ९० वर्षांची पणजी एकाच डब्यात. घराची ऐपत ठरवायची बरीच वर्षं चाललेली पद्धत अशी: मुख्य कमावत्याचं शिक्षण किती, आणि ११ वस्तूंपैकी घरात किती. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि शेतजमीन. फ्रिज आहे का हे विचारलं जातं, तो कोणाच्या पैशाने आला हे नाही. जाहिरात कोणासाठी, हे ठरवताना बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतला कमावता डोळ्यांसमोर असतो आणि पेन्शनवर घर चालवणारे दोघं चित्राच्या कडेला जातात.

रडण्याबद्दलही सांगते, कारण आई त्याला फसते. मेन्थॉलची कांडी डोळ्यांखाली फिरवली की वाफेने खरं पाणी येतं. पण तीन-चार टेकनंतर डोळे लाल होतात आणि नाक वाहायला लागतं, म्हणून जवळचा शॉट आधी उरकतात. ग्लिसरीनचा थेंब याच्या उलट. तो गालावर हवा तिथे बसतो, डोळे लाल करत नाही, पण घट्ट असल्यामुळे खऱ्या अश्रूसारखा ओघळत नाही. गालावर एकच टपोरा थेंब, डोळे पांढरेशुभ्र आणि नाक कोरडं दिसलं, तर तुझा रुमाल खाली ठेव.

सगळं असंच असतं असं मात्र नाही. मोती साबणाच्या दिवाळीच्या जाहिरातीतले अलार्म काका आठवा. म्हातारा माणूस पहाटे दारोदार जाऊन सगळ्यांना उठवतो. त्याला कोणी काही आणून देत नाही, तोच सगळ्यांना कामाला लावतो. ती लोकांच्या तोंडी राहिली यात नवल नाही, असा एक माणूस प्रत्येक वाड्यात आणि चाळीत होताच. २०१६ मध्ये एरियलने केलेली फिल्म तर एका बापाचं पत्रच आहे. लेक ऑफिसातून येते, फोनवर बोलता बोलता स्वयंपाक, मुलाचं आवरणं, नवरा टीव्हीसमोर. बाप बघत राहतो आणि पत्रातून तिची माफी मागतो, की मी घरात कधी मदत केली नाही, तू तेच बघून शिकलीस. मग स्वतःच्या घरी जाऊन आपले कपडे मशीनमध्ये टाकतो. आई-बाप चुकू शकतात आणि सत्तरीत बदलू शकतात, हे मानणं मला पाया पडण्यापेक्षा मोठा मान वाटतो. आता त्या फिल्ममधूनही पावडरच विकायची होती, आणि धुणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली तर कंपनीचं काही बिघडत नाही, हेही खरं. २०१७ च्या विक्सच्या फिल्ममध्ये गौरी सावंत होत्या, तृतीयपंथी आई आणि तिने वाढवलेली मुलगी. तिथे आईपण सिद्ध करायला पैठणी आणि मंगळसूत्र लागलं नाही.

फसलेल्याचंही एक उदाहरण देते. २०१९ च्या कुंभमेळ्याच्या वेळी रेड लेबल चहाची फिल्म आली. मुलगा म्हाताऱ्या वडिलांना गर्दीत सोडून निघतो, मग पस्तावून परत येतो. फिल्ममधले वडील जिवंत, बोलके होते. पण कंपनीने ती ट्विटरवर टाकताना वर लिहिलेल्या ओळीचा सूर असा होता की कुंभमेळा ही म्हाताऱ्यांना टाकून देण्याचीच जागा आहे. बहिष्काराची हाक उठली आणि ती ओळ बदलावी लागली. फिल्ममध्ये एक मुलगा चुकतो आणि परततो, त्या ओळीत अख्ख्या मेळ्याला दोषी धरलं होतं. लोकांना हा फरक बरोबर कळला.

बाबा, एक करून बघा. जाहिरात लागली की आवाज बंद करा. मग वस्तू कोणाच्या हातात आहे तेवढंच बघा. म्हाताऱ्या माणसाच्या हातात ती शेवटी, भेट म्हणून येते की आधीपासून असते? कॅमेरा त्यांच्याकडे वरून बघतो की डोळ्यांच्या पातळीवरून? खुर्चीतल्या माणसाला उभ्या माणसाच्या उंचीवरून टिपलं की तो आपोआप बिचारा होतो, नटाने काही करायची गरज नसते.

हे झालं भावनेच्या जाहिरातींचं. ज्या थेट तुम्हालाच उद्देशून असतात, गुडघ्याचं तेल, कानाचं यंत्र, साखरेवरचं चूर्ण, तिथे मान वगैरे बाजूला ठेवा आणि कायदा बघा. १९५४ च्या औषधं आणि जादुई उपायांच्या कायद्यात आजारांची यादीच आहे. मधुमेह, मोतीबिंदू, बहिरेपणा, रक्तदाब, कर्करोग हे सगळे तिच्यात आहेत. आमच्या औषधाने हे बरे होतात अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, मग सांगणारा कितीही आदराने 'आजोबा' म्हणो. ग्राहक संरक्षणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खालची बारीक ओळ दाव्याच्याच भाषेत हवी आणि तिने दाव्याच्या उलट बोलता कामा नये. दावा मराठीत आणि खालची ओळ इंग्रजीत, हे तुम्हाला रोज दिसत असेल. ते चुकीचं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

तक्रारीचे दोन रस्ते आहेत. फसवणूक असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मजकूर किंवा चित्रण खटकलं असेल तर ॲस्की, ही जाहिरातदारांनीच १९८५ मध्ये स्थापन केलेली मुंबईतली संस्था. ती दंड करत नाही, जाहिरात बदला किंवा मागे घ्या असं सांगते. २०२२ मध्ये तिने आपल्या नियमांत वयावरून टिंगल करण्याचाही समावेश केला, तेव्हा म्हाताऱ्यांच्या विसराळूपणावर हसवणारी जाहिरात आता तक्रारीत बसते. नुसता केविलवाणा बाप दाखवला म्हणून बसत नाही. तिथे रिमोट हाच उपाय.

तक्रारी बहुतेक अर्धवट माहितीमुळे अडतात. वस्तूचं नाव, वाहिनी, तारीख, वेळ, भाषा, आणि नेमकं कोणतं वाक्य किंवा दृश्य, एवढं लागतंच. भाषा विसरू नका, मराठी आणि हिंदी आवृत्तीतला मजकूर वेगळा असू शकतो. किती सेकंदांची होती तेही लिहा, ३० च्या फिल्ममधली खालची ओळ २० च्या फिल्ममध्ये नसते असं घडतं. टीव्हीचा फोटो काढला तर काळे पट्टे येतात, त्यापेक्षा फोन आडवा धरून व्हिडिओ घ्या, पॅकशॉट येईपर्यंत थांबवू नका. नियमाने वाहिनीला तासाला १२ मिनिटंच जाहिरातींना देता येतात, त्यातली २ स्वतःच्या कार्यक्रमांची. एकाच मालिकेच्या मध्यंतरांत तीच जाहिरात पुन्हा लागते, त्यामुळे पहिल्यांदा हुकली तर फोन हाताशी ठेवून बसा.

ती कानाच्या यंत्राची जाहिरात, ज्यात सुनेचं बोलणं ऐकू न आल्याने सगळं घर हसतं, ती साडेसातच्या मालिकेत लागते असं बाबा म्हणाले. या आठवड्यात जमलं तर व्हिडिओ घेऊन पाठवा, खालची ओळ वाचता येईल इतक्या जवळून. अर्ज मी भरते. आई, त्यात यंत्राची किंमत सांगतात का आणि 'पूर्ण ऐकू येईल' असं शब्दात म्हणतात का, तेवढं नीट ऐकून ठेव.

तुमची,
मनू