श्रद्धा सुटली म्हणून घर का सोडावे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीच्या सुमारास आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले होते. देवावर विश्वास नाही असे खासगीत सांगणारे आणि तरीही घरच्या गौरींपुढे पान वाढणारे लोक ढोंगी आहेत, त्यांनी एक तर मनापासून करावे किंवा सरळ बाहेर पडावे, असा त्या पत्राचा सूर होता. त्यावर आलेल्या उत्तरांनी वेगळ्या वाटेने जाऊन तोच मुक्काम गाठला. विश्वास उडालेल्यांनी घरात ठाम भूमिका घ्यावी, गप्प बसणे हा भित्रेपणा आहे, असे त्यांचे म्हणणे. या सर्व पत्रांखालची नावे पुरुषांची होती, हे मी मुद्दाम पाहिले. मी कर्मठ घरातली सून आहे, साठी उलटलेली आहे, आणि पहिल्या पत्रानुसार ढोंगी व नंतरच्या पत्रांनुसार भित्री ठरणाऱ्या माणसांपैकी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आमचा नारायण पेठेतला वाडा उभा होता. सासऱ्यांची त्रिकाळ संध्या कधी चुकली नाही आणि सासूबाईंचा स्वयंपाक सोवळ्यात होई. आजच्या मुलींना सोवळे म्हणजे गणपतीत नेसायचा रेशमी कद एवढेच ठाऊक असते. आमच्याकडे सोवळ्याचे लुगडे आदल्या दिवशी धुऊन, उंच टांगलेल्या दांडीवर काठीने सरकवत वाळत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी कुणाचाही स्पर्श होऊ न देता काठीनेच उतरवून घ्यायचे, असा रोजचा क्रम होता. पावसाळ्यात ते वाळत नसे, मग लोकरीची धाबळी नेसून चुलीपुढे, पुढे गॅसपुढे, घामाघूम होत उभे राहायचे. महिन्याचे चार दिवस मी माजघराच्या पलीकडच्या खोलीत वेगळी चटई आणि वेगळे तांब्या-भांडे घेऊन बसत असे. मी बँकेत रोखपाल होते. दिवसभर काउंटरवर ज्या हातांनी नोटा मोजून गावभरच्या लोकांना दिल्या, ते हात संध्याकाळी घरी आल्यावर पाण्याच्या पिंपाला लागू नयेत असा नियम होता. त्या नोटा घेणाऱ्यांत आमचे गुरुजीही असत, पण पैशाला विटाळ नसतो हे शास्त्र त्यांना माझ्याआधीच ठाऊक असावे.

माझा विश्वास एखाद्या दिवशी ठरवून गेला नाही. तो कधी गेला हे मलाही सांगता येणार नाही, आणि गेल्याचे मी घरात जाहीरही केले नाही. पुढे वाडा पाडून तिथे इमारत झाली, आम्हाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळाले, आणि बाजूला बसायला बाजूच उरली नाही. तेव्हा सासूबाईंनीच एका रात्री भांडी आवरताना मला सांगितले, “आता ते चार दिवसांचं इथं जमायचं नाही. तुला काय करायचं ते कर, फक्त मला सांगू नकोस.” त्या एका वाक्यावर आमचे घर आजपर्यंत चालले आहे. मी सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. याला ढोंग म्हणायचे असेल तर ते आम्ही दोघींनी मिळून केले, आणि त्यात फसवले गेलेले कुणीच नाही.

माझ्या यजमानांचा आणि धाकट्या दिरांचा विश्वास माझ्याही आधी उडालेला होता. भावजींनी कॉलेजात असतानाच संध्या सोडली, जानवे न्हाणीघरातल्या खुंटीवर गेले ते पुढच्या श्रावणीपर्यंत तिथेच राहिले, आणि घरातल्या कुणाला ते विशेष जाणवलेही नाही. सणाच्या दिवशी बाराच्या ठोक्याला येऊन, कद नेसून, आरतीला उभे राहून ते पाटावर बसत असत. त्यांना भूमिका घ्यावीच लागली नाही, कारण त्यांच्या धर्माचा सगळा भार स्वयंपाकघरात दुसरे कुणी वाहत होते. मी पुरण घालायचे सोडले असते तर त्याच दिवशी नैवेद्य थांबला असता, आणि तो थांबवण्याचा दोष सासूबाईंच्या डोळ्यांत आयुष्यभर मला एकटीला लागला असता. ‘सरळ बाहेर पडा’ असे लिहिणाऱ्यांनी आपल्या घरातले चातुर्मासाचे वेगळे डबे कोण धुऊन ठेवते, एवढे आधी पाहावे, मग सल्ला द्यावा.

कर्मठपणा अभंग असतो, असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, तेव्हा सासूबाई नव्या सूनबाई होत्या. तान्ह्या मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना, घेऊन त्या एका शाळेच्या वर्गात राहिल्या आणि समोर येईल ते जेवल्या. कुणी रांधले, कुणी वाढले, हे त्या दिवसांत सासऱ्यांनीही विचारले नाही. घर पुन्हा उभे राहिले तशी काठी आणि दांडीही परत आली. हे त्या हसत सांगतात. त्यातून मी काही निष्कर्ष काढावा असे त्यांना वाटत नाही, पण मी काढलेला आहे, आणि तो त्यांनाही कळतो असा माझा अंदाज आहे.

पुण्यात या वादाला जुनी परंपरा आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, कुणी चहा घेतला, कुणी नुसता हाती धरला, आणि ‘पुणे वैभव’मध्ये नावे छापून आल्यावर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले ते स्वतःला पाप लागले असे वाटून नव्हे. त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांची घरच्या माणसांपुढे कोंडी झाली होती, ती सुटावी म्हणून घेतले. सुधारकांनी त्यावरून त्यांना बोल लावले आणि ते बोल अगदीच अनाठायी होते असे मी म्हणणार नाही, कारण मोठा माणूस वाकला की लहानांना उभे राहणे अवघड जाते. तरीही कुणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांच्या ताटाचा विचार करून घेतलेल्या त्या प्रायश्चित्तात मला भ्याडपणा दिसत नाही. विधवेशी विवाह केल्याबद्दल धोंडो केशव कर्वे यांना मुरुडकरांनी वाळीत टाकले, त्याची झळ गावातल्या त्यांच्या माणसांपर्यंत पोचली. जिवंतपणी ज्यांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यावरून काढली गेली त्या आगरकरांचे ब्रीद ‘इष्ट असेल ते बोलणार, साध्य असेल ते करणार’ असे होते. आमच्यासारखे लोक त्यातला उत्तरार्धच पाळतात, हे मला मान्य आहे.

पूर्वार्ध पाळणाऱ्यांचे ऋणही मान्य आहे. १९७० मध्ये याच शहरात हमीद दलवाई यांनी मुस्लिम समाजातल्या सुधारणेसाठी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी ज्या पुलावर हत्या झाली, तो ओंकारेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि आमच्या घरचे दहावे-तेरावे करायला आम्ही तिथूनच जातो. उघड बोलणारे होते म्हणून माझ्यासारखीला गुपचूप दूर होण्याची सोय झाली. पण प्रत्येकाने उघडच बोलले पाहिजे, ही सक्ती मला मान्य नाही. कर्मठ घरात आयुष्य काढल्यामुळे सक्तीचा वास मला लवकर येतो.

कायद्याने यात थोडीफार मदत केली आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. २०१६ च्या त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कोणाही व्यक्तीला आपला कोणताच धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार असून शासन तिला धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. पण जातपंचायतीला आवरणारा कायदा जेवताना न बोलणाऱ्या आईला लागू होत नाही. जनगणनेचेच पाहा. २०११ मध्ये देशात सुमारे २९ लाख लोकांची नोंद ‘धर्म न सांगितलेले’ अशी झाली. आमच्या दारी प्रगणक आले तेव्हा मी आत चहा करत होते आणि बाहेर यजमानांनी घरातल्या सर्वांचा धर्म एका दमात सांगून टाकला. मला विचारले असते तर मी काय सांगितले असते, हे सासूबाई शेजारीच बसलेल्या असताना मला ठरवता आले नसते. आता पुन्हा जनगणना येते आहे, तेव्हा घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला स्वतंत्रपणे विचारले जावे असे माझे मत आहे. निदान नवऱ्याने तरी आत येऊन विचारावे.

गप्प राहण्यालाही मर्यादा असते, आणि ती कुठे असावी याबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. माझा विश्वास नाही ही गोष्ट माझ्यापुरती आहे, ती मी पोटात ठेवू शकते. आमच्या वन्सं अवेळी विधवा झाल्या. त्यानंतरच्या चैत्रात आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. बाहेर बायका जमल्या होत्या, गौरीपुढे आरास मांडली होती, आणि वन्सं स्वतःच्या माहेरी, स्वयंपाकघराच्या दाराआड विळीवर बसून बाहेरच्या बायकांना द्यायच्या डाळीसाठी कैऱ्या किसत होत्या. तेव्हा मात्र मी म्हटले, “अहो आई, वन्सं बाहेर येणार नसतील तर मीही कुंकवाची कोयरी घेऊन फिरणार नाही.” आवाज चढवला नव्हता, तरी बाहेर ऐकू गेलेच असणार. कुंकू एका शेजारणीने लावले आणि त्यानंतर कित्येक दिवस सासूबाई माझ्याशी कामापुरते बोलल्या. पुढच्या चैत्रात त्यांनी बायकांना नुसते डाळ-पन्ह्याला बोलावले, कोयरी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातून काढलीच नाही, आणि पन्ह्याचे पेले वन्संच्या हाती दिले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तो २०२२ मध्ये. त्याची बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली, तेव्हा “आपल्याकडे कधीच बंद झालंय ते” एवढेच त्या म्हणाल्या.

म्हणून आपल्या पत्रलेखकांना माझे सांगणे असे आहे की हजर राहणे आणि सामील होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरातल्या दोन्ही बाजूंनी तो फरक मान्य केला तर पुष्कळ भांडणे टळतात. मी गौरींचे पुरण घालते, कारण ते खाणारी माणसे माझी आहेत. पूजेला बसत नाही, उपास करत नाही. सासऱ्यांच्या श्राद्धाला यजमान बसतात ते आईला बरे वाटावे म्हणून, आणि तिथीला गुरुजी मिळाले नाहीत तर त्या दिवशी एखाद्या संस्थेला शिधा देऊन भागते हे आता सासूबाईंनीही स्वीकारले आहे. बदल्यात त्यांनीही आम्हाला पुष्कळ सूट दिली. नातसून परजातीतली आली, लग्न नोंदणी पद्धतीने झाले, तेव्हा त्यांनी मुहूर्ताचा विषय काढला नाही. फक्त कचेरीत जाण्यापूर्वी दोघांच्या हातावर दही घातले. ते दही दोघांनी निमूट खाल्ले. तिथे विवेकवादावर चर्चा करायला हवी होती असे कुणाला वाटत असेल तर वाटो.

सगळे प्रश्न असे सुटतात असे मात्र नाही, आणि सध्या आमच्याकडे एक अगदी खरा प्रश्न उभा आहे. सासूबाई आता पंचाऐंशीच्या घरात आहेत आणि माझ्यामागे देव कुणाकडे जाणार, असे त्या अलीकडे वरचेवर विचारतात. देव्हाऱ्यात कुलदैवतांचे टाक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या चंदनाने झिजलेले, चेहरे ओळखू न येणारे. सासूबाईंचा बाळकृष्ण आहे आणि माझ्या माहेरून आलेली अन्नपूर्णाही आहे. मुलगा परदेशी, भावजींच्या घरी देव्हाराच नाही. एखाद्या देवळात देऊन टाकावेत तर त्यांना ते देव परक्यांत टाकल्यासारखे वाटते, नदीत सोडावेत तर आजच्या मुठेत सोडायला माझेच मन धजत नाही, आणि मोडीत देण्याचा विचार भावजींनी बोलून दाखवला त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. “देव इथंच राहतील, अहो आई, पण रोज पूजा होईल असं मी सांगू शकत नाही,” असे मी त्यांना सांगितले आहे. इतकी वर्षे न बोललेली गोष्ट त्यात बोलली गेली हे आम्हा दोघींनाही कळले. त्यावर त्यांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. हा प्रश्न ज्यांच्या घरी आधी येऊन गेला आहे त्यांनी काय केले, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते कसे पटवले, हे त्यांनी आपल्या सदरातून कळवले तर मला हवे आहे.

माझे नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती. सासूबाई आपले दैनिक रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

आपली नम्र,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे ३०