रडके सिनेमे म्हणू नका हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एका गृहस्थांनी लिहिलं होतं की मराठीत 'चांगला' सिनेमा म्हणजे कोणीतरी आजारी, कोणीतरी गरीब आणि शेवटी सगळं थिएटर नाक पुसत बाहेर, तिकीट काढून रडायला कशाला जायचं, घरी काय कमी आहे का. वाचून आधी हसूच आलं कारण हाच डायलॉग आमच्याकडे मिस्टर गेली कित्येक वर्षं मारतायत. पण मग भाजी निवडताना, गॅसजवळ उभं राहून, ते सारखं डोक्यात यायला लागलं, म्हणून लिहायलाच घेतलं. पत्र लांबलंय, कापायचं तिथे कापा.

आधी एक सांगते, रडका प्रकार असतो हे मला मान्य आहे. रात्री साडेआठच्या सिरीयलमध्ये सूनबाईच्या हातून ताट पडतं आणि मग घरातल्या आठही जणांच्या तोंडावर कॅमेरा तीन-तीनदा आदळतो, मागे ते ढँऽऽण ढँऽऽण, त्यात जाहिराती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ताट तिथूनच पडतं. त्याला रडकं म्हणा, मी पण म्हणेन. 'तारे जमीं पर' बघताना (२००७ सालचा) मी हुंदके देऊन रडले, पोराला हॉस्टेलला सोडून गाडी निघते तिथे तर फारच, पण घरी आल्यावर वाटलं की अर्धं काम त्या गाण्याने केलं, आपल्याला जरा ढकललंच. तरी त्या सिनेमाने डिस्लेक्सिया (हुशार असूनही लिहा-वाचायला जड जाणं) हा शब्द घराघरात नेला, त्याआधी अशा पोराला सरळ ढ म्हणून मोकळे व्हायचे लोक, तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे.

पण 'श्वास'? 'श्वास'ला रडका म्हणायचं? २००४ साली आला तेव्हा आम्ही चाळीतले सगळे मिळून गेलो होतो. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळायला मराठीला ५० वर्षं लागली आणि ते ह्या सिनेमाने आणलं, मग भारतातर्फे ऑस्करला गेला तर खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली, हे सगळं तुमच्याच पेपरात वाचलेलं. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कोकणातला आजोबा, नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर, जीव वाचवायचा तर डोळे काढायचे. आता ह्यावर काय वाटेल तेवढं रडवता आलं असतं. पण दिग्दर्शक संदीप सावंतांनी काय दाखवलं, तर तो आजोबा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ह्याला विचार त्याला विचार करत फिरतोय, डॉक्टर इंग्रजी शब्द टाकून भराभरा बोलतात ते त्याला कळत नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटते. अरुण नलावडे ते नुसतं उभं राहण्यातून दाखवतात. सरकारी असो की प्रायव्हेट, हॉस्पिटलात नातेवाईक म्हणून उभं राहिलेल्या प्रत्येकाला ते उभं राहणं ओळखू येईल. आणि डॉक्टर (संदीप कुलकर्णी) म्हणतो की पोराला ऑपरेशनच्या आधी खरं सांगायलाच हवं, मग ते सांगायचं कोणी, कसं, ह्यावर अख्खा सिनेमा चालतो. शेवटी आजोबा पोराला वॉर्डातून घेऊन सरळ बाहेर पडतो, ऑपरेशनच्या आधी त्याला जग दाखवून आणायला. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, जे येत होतं ते त्याने केलं. मला तिथे रडू आलं पण वाईट वाटून नाही, कसं सांगू, बरं वाटून आलं.

जाता जाता, उपयोगाचं म्हणून सांगते. डोळ्यांच्या ह्या कॅन्सरमध्ये फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत लहान मुलाच्या डोळ्यातली बाहुली कधी कधी पांढरी चमकताना दिसते. बहुतेक केसेस ५ वर्षांच्या आतल्या मुलांच्या असतात. फोटोत असं काही दिसलं तर नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळत बसू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. लवकर कळलं तर बऱ्याच मुलांचा जीव वाचतो, कधी कधी डोळाही.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, गणिताचे मास्तर होते, आता त्यांना विसरायला होतं. चष्मा-किल्ल्या वगैरे विसरणं नव्हे हो, आपण रिटायर झालो हेच विसरतात. सकाळी सातला शर्ट घालून दारात, शाळेला उशीर होतोय म्हणून. आम्ही रोज समजवायचो, अण्णा तुम्ही रिटायर होऊन कैक वर्षं झाली, शाळा आता दुसऱ्या इमारतीत गेली, ते चिडायचे, मग आम्ही चिडायचो, सात ते नऊ हाच कार्यक्रम. तर मुलाने लॅपटॉपवर 'अस्तु' लावून दिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. मिस्टर 'पुन्हा रडका' म्हणत सोफ्याच्या टोकाला बसले, उठून जाता यावं म्हणून.

त्यात डॉ. मोहन आगाशे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत, अल्झायमर झालेले, आणि आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे असेल, कुठेही आजाराची ॲक्टिंग वाटत नाही. मुलगी त्यांना गाडीत बसवून कामाला जाते आणि इतक्यात रस्त्यावरून हत्ती जातो, हे उतरतात आणि लहान पोरासारखे हत्तीच्या मागे चालू लागतात. एवढीच गोष्ट, एका दिवसाची. हत्ती ज्या माहुताचा त्याची बायको चन्नम्मा, कानडी बोलणारी, घरात धड खायला नाही, ती ह्यांना सांभाळते. अमृता सुभाषला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मी म्हणते कमीच मिळाला. चन्नम्माला ह्या आजाराचं नावही माहीत नाही. म्हाताऱ्याला भूक लागली तर भरवायचं, घाण झाली तर धुवायचं, तो आई म्हणाला तर त्याची आई व्हायचं, एवढंच तिचं चालू असतं. आणि एकीकडे शिकलेली मुलगी, इरावती हर्षे, बापावर जीव असलेली आणि तरी थकून गेलेली. तिला कुठेही खलनायिका केलेलं नाही ह्याबद्दल मी त्या दोघा दिग्दर्शकांना मनातून हात जोडले, कारण सिरीयलवाल्यांच्या हातात ही गोष्ट दिली असती तर म्हाताऱ्याला टाकणारी मुलगी आणि देवासारखी गरीब बाई असं सरळ वाटप करून मोकळे झाले असते.

मिस्टर उठून गेले नाहीत. बोलले पण काही नाहीत, लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शर्ट घालून दारात. मी आता समजवायला जाणार तेवढ्यात मिस्टर आतून आले आणि म्हणाले, "अण्णा, आज सुट्टी आहे." अण्णा म्हणाले, "कसली?" हे म्हणाले, "इन्स्पेक्शन पुढे ढकललं, हेडमास्तरांचा निरोप आला." अण्णांनी शांतपणे बूट काढले आणि चहा मागितला. तेव्हापासून आमच्याकडे कधी सुट्टी असते, कधी शाळा दुपारची असते, कधी हेडमास्तरांच्या घरी कार्य असतं. नंतर डॉक्टरांनाही विचारलं तर म्हणाले बरोबर करताय, उगाच वाद घालून पेशंटचा आणि तुमचा त्रास वाढवू नका. आणि हो, अण्णांच्या खिशात नाव, फोन नंबरची लॅमिनेट केलेली चिठ्ठी असते आता, आमच्या रस्त्याने हत्ती जात नसले तरी रिक्षा भरपूर जातात.

मग मला अशी पेशंट सांभाळणारी माणसं सगळीकडे दिसायला लागली. 'द लंचबॉक्स' सगळ्यांना इरफान आणि डब्यातल्या चिठ्ठ्यांसाठी आठवतो, मला देशपांडे काकू आठवतात. वरच्या मजल्यावर राहतात, खिडकीतून टोपली खाली सोडतात, मसाल्याचा सल्ला देतात, आणि अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज. नवरा वर्षानुवर्षं कोमात, डोळे उघडे ते फक्त फिरत्या पंख्याकडे, म्हणून काकू तो पंखा बंद पडू देत नाहीत, फिरत असतानाच पुसतात म्हणे. थिएटरात ह्यावर लोक हसले होते, मी पण हसले होते. ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्याला विचारा, ते घर असंच कुठल्यातरी एका पंख्यावर चाललेलं असतं आणि खालच्या मजल्यावर फक्त आवाज जातो.

आता दोन मागण्या, कारण संपादकांना पत्र म्हणजे मागणी हवीच. एक, असे सिनेमे थिएटरात लागतात कधी तर आडवेळेला. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं, डिप्रेशनमधल्या पोराची किती हळुवार गोष्ट ती, पण आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला जी वेळ दिली होती त्या वेळेला घरात पेशंट असलेलं कोणीही बाहेर पडू शकत नाही. मराठीला प्राइम टाइम द्या म्हणून २०१५ साली सरकारने फर्मान काढलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती, तुम्हीच छापली होती. आम्हाला तर प्राइम टाइम नकोच, दुपारी दोनचा शो द्या, तेव्हा अण्णा झोपलेले असतात. आणि थिएटरवाल्यांना परवडत नसेल तर ज्येष्ठ नागरिक संघांचे हॉल दुपारी रिकामेच असतात, रीतसर परवानगी घेऊन, पडदा लावून दाखवा, चहाबिस्किटांची जबाबदारी आमची. सह्याद्री वाहिनीनेही रविवारी दुपारी एखादा लावायला हरकत नाही.

दुसरी मागणी तुमच्याकडे. शुक्रवारी रिलीज झालेल्याला रविवारी तीन स्टार, अडीच स्टार देता ते द्या, पण त्याच पानावर एखादा जुना सिनेमा किंवा मालिका घेऊन, तो बघून कुणाच्या घरात काय झालं हे वाचकांकडून मागवा. लोक लिहितील. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका कडक मिलिटरीवाल्या काकांनी 'पंचायत' ह्या वेब सिरीजमध्ये प्रल्हादचा मुलगा शहीद होतो तो भाग बघून दोन दिवस कोणाशी धड बोलणं केलं नाही आणि तिसऱ्या दिवशी पुण्याच्या मुलाकडे जायला निघाले, तिकीट न काढता.

आणि ज्या गृहस्थांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझा निरोप छापा, की 'अस्तु' बघा, आणि बघून झाल्यावरही रडकाच वाटला तर पुन्हा लिहा, मी उत्तर देईन, फक्त सकाळी सात ते नऊ सोडून.

आपली,
एक वाचक, डोंबिवली