माणसामाणसांतला फरक अहवालात का नाही?

संपादक महोदय,

जेनेरिक औषधांवरील आपल्या लेखात एक प्रश्न होता : औषधाची रक्तातली पातळी माणसागणिक इतकी बदलते, तर वीस-पंचवीस जणांवर केलेल्या चाचणीला अर्थ काय? बायोइक्विव्हॅलन्स चाचण्यांची (जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकेच औषध रक्तात पोचवते का, हे पाहणाऱ्या चाचण्यांची) आकडेमोड हेच माझे काम असल्याने लिहिते आहे. प्रश्न रास्त आहे, रोख मात्र चुकला आहे.

क्रॉसओव्हर चाचणीत प्रत्येक स्वयंसेवक जेनेरिक आणि मूळ अशा दोन्ही गोळ्या आळीपाळीने घेतो, मध्ये वॉशआउटचा, म्हणजे पहिले औषध शरीरातून निघून जाण्याचा, काळ सोडून. एकाचा एयूसी (रक्तात एकूण किती औषध पोचले याचे माप) 40 आणि दुसऱ्याचा 160 आला तरी बिघडत नाही. पहिल्याचा 40 त्याच्याच 42 शी ताडायचा, दुसऱ्याचा 160 त्याच्याच 155 शी. दोन गोळ्यांच्या सरासरी गुणोत्तराचा 90 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरे गुणोत्तर जिथे असण्याचा अंदाज आहे तो पट्टा, 80.00 ते 125.00 टक्क्यांत बसवायचा असतो. त्याची रुंदी ठरते ती एकाच माणसातल्या चढउतारावर आणि माणसे किती घेतली यावर.

माझी तक्रार वेगळीच आहे. निकालाला लागत नाही म्हणून माणसामाणसांतला फरक अहवालातूनच गळतो. एकाच माणसातला सीव्ही (चढउताराचे टक्क्यांतले माप) ठळक छापतात, माणसामाणसांतल्या सीव्हीचा पत्ता नसतो. वास्तविक अनोव्हाचा, म्हणजे एकूण चढउतार कशाकशामुळे आला याची फोड करणारा, तक्ता समोरच असतो. समजा, लॉग घेतलेल्या एयूसीवर ‘सब्जेक्ट विदिन सीक्वेन्स’ (गोळ्यांचा क्रम सारखा असलेल्या माणसांतला फरक) या ओळीचा मीन स्क्वेअर, म्हणजे त्या ओळीतल्या चढउताराचा आकडा, 0.38 आहे आणि रेसिड्युअलचा (एकाच माणसातल्या चढउताराचा) 0.04. पहिल्या आकड्यात माणसाचा स्वतःचा चढउतारही मिसळलेला असतो, म्हणून 0.04 वजा करायचे. प्रत्येकाची मोजणी दोनदा झाल्याने माणसामाणसांतला फरक त्या ओळीत दुपटीने येतो, म्हणून दोनाने भागायचे. उरले 0.17. e या संख्येचा (सुमारे 2.718) तितकावा घात काढून एक वजा करा, वर्गमूळ घ्या : सीव्ही 43 टक्के. एकाच माणसातला 20 टक्के. वजाबाकी-भागाकार न करता थेट 0.38 वरून काढला तर 68 टक्के येतो, आणि असे आकडे मी सही-शिक्क्यानिशी पाहिले आहेत!

हा आकडा हवा कशाला? औषध शरीरात फार काळ रेंगाळत असेल तर वॉशआउटलाच महिने जातात. मग दोन वेगळे गट घेऊन पॅरलल चाचणी करावी लागते. तिथे माणूस स्वतःशी ताडला जात नाही, त्यामुळे दोन्ही व्हेरियन्स (लॉगवरच्या चढउताराचे आकडे) एकत्र मोजावे लागतात : 0.17 अधिक 0.04, म्हणजे 0.21. दोन गोळ्यांचे खरे गुणोत्तर 95 टक्के आणि पॉवर (चाचणी यशस्वी ठरण्याची शक्यता) 80 टक्के धरली, तर क्रॉसओव्हरला 20 जण पुरतात, पॅरललला पावणेदोनशेच्या आसपास लागतात. चुकून 0.21 ऐवजी 0.38 घेतले की तीनशेच्या वर. म्हणजे शंभराहून अधिक निरोगी माणसांना फुकट सुया.

छोट्या चाचणीत कधी वजाबाकी उणे येते. मग सॉफ्टवेअर शून्य दाखवते आणि लोक ते खरे मानतात. त्याचा अर्थ एवढाच, की हाताशी असलेल्या आकड्यांतून तो फरक नीट मोजता आला नाही. स्वयंसेवक अर्ध्यात गळाले असतील आणि त्यांचा एकाच वेळचा आकडा हिशेबात ठेवला असेल, तर ‘दोनाने भागा’ हेही तंतोतंत लागू पडत नाही. तिथे मिक्स्ड मॉडेल, म्हणजे अपुरे आकडेही सामावून दोन्ही फरक वेगळे मोजणारी पद्धत, वापरावे.

अहवाल लिहिणाऱ्यांकडे मागणे फार नाही. दोन्ही मीन स्क्वेअर आणि प्रत्येक सीक्वेन्समध्ये (गोळ्यांच्या क्रमात) किती जण होते, एवढे छापा. पुढचा हिशेब ज्याला गरज आहे तो करून घेईल.

आपली,
एक जैवसांख्यिकी अभ्यासक