बॅकअप गुरुवारी लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उद्या कुठे कुठे लाईट जाणार ही बातमी तुम्ही दर बुधवारी छापता, ती आमच्या भोसरी एमआयडीसीत सगळेच वाचतात, कारण गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी आणि महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामंही गुरुवारीच निघतात. पण त्या बातमीचा ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या बॅकअपशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आलं तेव्हा फार उशीर झाला होता, म्हणून हे पत्र.

आमचं छोटं युनिट आहे, जिग-फिक्श्चर (मशीनवर काम करताना जॉब पकडून ठेवायची साधनं) बनवतो, ऑफिसात अकरा डेस्कटॉप आणि तीन लॅपटॉप, अकाउंट्स आणि बाकी ऑफिस मी बघतो. कॉम्प्युटरवाल्याने नॅस बॉक्स (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फाइल्स साठवायचा डबा) बसवून दिला आणि बॅकअपचं शेड्यूल लावलं गुरुवारी सकाळी अकराचं, का तर ऑफिस बंद असतं, कोणाचं काम अडणार नाही. मलाही पटलं. पण बुधवारी संध्याकाळी शेवटचा माणूस गेला की वॉचमनकाका मेन स्विच पाडतात, शॉर्टसर्किट नको म्हणून आम्हीच तसं सांगून ठेवलंय, आणि समजा नाही पाडला तरी गुरुवारी लाईट कुठे असते? म्हणजे बॅकअपची वेळ दर आठवड्याला यायची आणि त्या वेळेला एकही मशीन चालू नसायचं.

मार्चमध्ये एका सोमवारी डिझाइनच्या मुलाच्या मशीनमधून टक टक टक आवाज यायला लागला, विंडोज चालूच होईना. आम्ही म्हटलं असू दे, नॅसवर आहे सगळं. फोल्डर उघडला तर सगळ्यात नवीन फाइल ऑगस्टची. बसवून देताना कॉम्प्युटरवाल्याने स्वतः हाताने चालवलेला पहिला बॅकअप, तोच शेवटचा. सात महिन्यांची ड्रॉइंग्ज गेली, तो मुलगा काही न बोलता स्क्रीनकडे बघत बसला होता ते अजून डोळ्यासमोर आहे, आणि मग शॉपफ्लोअरवरच्या ऑइल लागलेल्या प्रिंटआउट गोळा करून त्यावरून पाच आठवडे परत ड्रॉइंग काढत बसला. दोष वॉचमनकाकांना देता येत नाही आणि एकट्या कॉम्प्युटरवाल्यालाही नाही, सात महिन्यांत आमच्यापैकी कोणी तो फोल्डर उघडूनच बघितला नाही.

आता काय केलंय ते सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. डेस्कटॉपचा रोजचा बॅकअप दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कारण तेव्हा मशीन नक्की चालू असतं आणि माणूस नक्की उठलेला असतो. पण सगळ्यांना एकच वेळ द्यायची नाही. सगळी मशीन जोडणारा आमचा नेटवर्कचा स्विच जुना १०० एमबीपीएसचा, सेकंदाला फार तर १२ एमबी जाणार, एकाची मेलची फाइलच २० जीबीची, म्हणजे ती एकटीच अर्धा तास खाते, अकरा जणांनी एकदम सुरू केलं तर जेवून आल्यावर बिल निघायचं नाही. म्हणून एकामागून एक, रोज फक्त बदललेल्या फाइल्स, आणि पूर्ण बॅकअप दिवस वाटून, रोज दोन मशीन. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप मात्र सगळ्यांनी टॅलीत उघडलेली कंपनी बंद करून मगच.

लॅपटॉपला घड्याळाची वेळ लावूच नये असं माझं स्पष्ट मत झालंय. मार्केटिंगची मुलं दुपारी एकला चाकणला असतात नाहीतर रांजणगावला, त्यांचा बॅकअप ऑफिसच्या नेटवर्कला जोडलं की सुरू व्हायला पाहिजे. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये दोन टिक जरूर बघा. एक, चार्जर लावलेला असेल तरच काम चालू कर, ही आधीपासून लागलेली असते, त्यामुळे बॅटरीवरचा लॅपटॉप गपचूप बॅकअप सोडून देतो. दुसरी, वेळ चुकली तर जमेल तसं लगेच चालव, ही आपल्याला लावावी लागते. ही दुसरी टिक असती तर आमचा गुरुवारचा बॅकअप शुक्रवारी सकाळी चालला असता हो.

आणि नॅस कायम नेटवर्कला जोडलेला असतो, व्हायरस आला तर तोही जाणार. जून २०१७ मध्ये न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल सायबर हल्ल्याने बंद पडलं होतं ते आठवत असेल. ते चालवणाऱ्या मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे मुख्य सर्व्हर एकमेकांची कॉपी ठेवायचे, सगळे एकदम गेले, वाचला तो घानामधला एकच, कारण नेमकी तिथे त्या वेळी लाईट गेली होती. म्हणून आमची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आठवड्यातून एकदाच जोडतो, बाकी वेळ ती साहेबांच्या घरी कपाटात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुठलीही एक फाइल परत काढून उघडून बघतो, वहीत तारीख लिहून सही करतो.

कायदा आहे, नाही असं नाही. ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशोबाच्या वह्यांचा आणि कंपनीच्या इतर पुस्तकं-कागदपत्रांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा नियम झालाय, आधी तो ठरावीक काळाने असं होतं. पण सगळ्यांचं लक्ष असतं ते हिशोबाकडेच. ड्रॉइंग, मेल, कोटेशन याला कोणी विचारत नाही आणि लहान युनिटचा जीव तर त्यातच असतो.

३१ मार्चला जगभर बॅकअप दिन असतो, नेमका आपला वर्षअखेरीचा दिवस, त्या दिवशी कोणाला मान वर करायला वेळ नसतो हे मला माहितीये. म्हणून विनंती अशी की बुधवारच्या तुमच्या त्या लाईटच्या बातमीखाली एक ओळ टाकाल का, गुरुवारचा बॅकअप आज जेवणाच्या सुट्टीत चालवून घ्या म्हणून. आमच्या पट्ट्यात ती बातमी वाचल्याशिवाय कोणी राहत नाही.

आपला,
एक वाचक, भोसरी