मनाजोगता उमेदवार नसेल तेव्हा

महोदय,

‘यंदा कुणालाच मत द्यावेसे वाटत नाही’ हे वाक्य निवडणूक जवळ आली की घरोघरी ऐकू येते, आणि गेल्या विधानसभा निवडणुकीत मीही याच पेचात होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालामुळे मतदान यंत्रावर ‘नोटा’चे, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ असे, बटण आले व नाराजी गुप्तपणे नोंदवण्याची सोय झाली, हे मला मोलाचे वाटते. मात्र लोकसभा-विधानसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली, तरी उमेदवारांपैकी ज्याला जास्त मते तोच निवडून येतो, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ साली ‘नोटा’ला २७,५०० मते मिळून ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली, आमदार व्हायचा तो झालाच.

अखेर मी सर्व उमेदवारांची शपथपत्रे वाचायला बसलो. प्रलंबित गुन्हे, मालमत्ता, थकीत देणी हे सारे त्यांत लिहिलेले असते. दोन नावे तिथेच गळाली. उरलेल्यांपैकी कुणीही मला पूर्णपणे पटला नव्हता; पण उद्या पाण्याची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जाता येईल, असा त्यांत एक होता. त्यालाच मी मत दिले, आणि त्याचा पक्ष मला आजही पटत नाही.

ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असली, तरी सामान्य मतदार तिथवर क्वचितच पोहोचतो. आपल्या वृत्तपत्राने मतदानापूर्वी प्रत्येक मतदारसंघातील शपथपत्रांचा गोषवारा छापावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक