संमतिपत्रावरील सहीविषयी

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. पुढील महिन्यातील फुटबॉल संघाच्या निवड चाचणीसाठी पालकांच्या संमतिपत्रावर मी सही करून पाठवावी, असे तू कळवले आहेस. तुझ्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली असताना ती सही मी आत्ता करणार नाही. फोनवर या विषयावर आपण दोघेही आवाज चढवतो, म्हणून कारणे सविस्तर लिहीत आहे. तुझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर ज्याचे चित्र आहे, त्या स्पेनच्या फुटबॉलपटू आन्सू फातीचे गोल तुला तोंडपाठ आहेत. त्याच्या दुखापतींचा क्रम मात्र तू कधी लक्षपूर्वक पाहिला नसावास.

पश्चिम आफ्रिकेतील बिसाऊमध्ये २००२ साली जन्मलेला हा मुलगा वयाच्या सहाव्या वर्षी स्पेनमधील सेव्हिल प्रांतातल्या एरेरा या छोट्या गावी आला आणि २०१२ मध्ये बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ प्रबोधिनीत दाखल झाला. २५ ऑगस्ट २०१९ रोजी, सतरा वर्षेही पूर्ण नसताना, तो बेटिस क्लबविरुद्ध मुख्य संघातून खेळला आणि त्याच आठवड्यात ओसासुनाविरुद्ध त्याने गोल केला. डिसेंबरमध्ये इंटर मिलानच्या मैदानावर बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने जो गोल मारला, त्याने तो युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेतील सर्वांत लहान वयाचा गोलकर्ता ठरला. पुढच्याच वर्षी स्पेनसाठीही त्याने तसाच विक्रम केला.

मग ७ नोव्हेंबर २०२० चा सामना आला. प्रतिस्पर्धी पुन्हा बेटिसच. मध्यंतरानंतर आन्सू मैदानात परतला नाही, कारण डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चेची गादी (मेनिस्कस) फाटली होती. सुमारे चार महिने लागतील असे क्लबने सांगितले होते. प्रत्यक्षात एकाहून अधिक शस्त्रक्रिया होऊन दहा महिन्यांहून अधिक काळ गेला. तुझ्या डॉक्टरांनी आपल्याला कागदावर आकृती काढून समजावले होते, ते आठव. या गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतो, त्यामुळे घातलेले टाके भरून यायला वेळ लागतो. फाटलेला तुकडा काढून टाकला तर खेळाडू लवकर धावू लागतो, पण हाडांवरचा भार वाढून सांध्याची झीज लवकर सुरू होण्याची भीती राहते. तुझे वय लक्षात घेऊन त्यांनी गादी शिवली, आणि तो वेळ आता आपल्याला द्यावाच लागेल.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मेस्सी क्लब सोडून गेल्यावर सप्टेंबर २०२१ च्या आरंभी, आन्सू दुखापतीनंतर एक मिनिटही खेळलेला नसताना, मेस्सीची १० क्रमांकाची जर्सी त्याला देण्यात आली. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. त्याच महिन्यात लेवांतेविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरून त्याने गोल केला आणि तो क्लबच्या डॉक्टरांना मिठी मारायला धावला, तेव्हा आपण दोघेही टाळ्या वाजवत होतो. पण नोव्हेंबरमध्ये सेल्ताविरुद्ध गोल केल्यानंतर त्याच सामन्यात त्याच्या मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला, आणि जानेवारी २०२२ मध्ये बिल्बाओविरुद्ध तीच मांडी पुन्हा दुखावून तो रडत बाहेर गेला. एका दुखापतीमुळेच दुसरी झाली, असे ठामपणे म्हणणे योग्य नव्हे. तरीही दीर्घ विश्रांतीने दुबळा झालेला पाय पूर्ण वेगाच्या धावेला तयार नसतो, हे कोणताही फिजिओ सांगेल. दिवाळीत तू घरी आलास तेव्हा आईने शिवणाची टेप घेऊन गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटे वर तुझ्या दोन्ही मांड्या मोजल्या होत्या. डावी किती बारीक भरली, ते तू पाहिलेस आणि लगेच पँट खाली ओढलीस.

मार्च २०२३ मध्ये आन्सूच्या वडिलांनी, बोरी फाती यांनी, मुलाला पुरेसा वेळ खेळवत नाहीत म्हणून उघडपणे राग व्यक्त केला होता. बापाचा जीव मला कळतो. पण रागाने खेळाडूला संघात मिनिटे मिळत नाहीत, म्हणून तुझ्या प्रशिक्षकांशी मी भांडणार नाही. आणि त्यांच्या घाईला माझी सहीही जोडणार नाही. आपल्या पेठेतले लोक शाहू स्टेडियमवर भेटले की ‘पोरगं कधी उतरतंय?’ असे विचारतात. विचारणे त्यांचे काम आहे, आणि गुडघा त्यांचा नाही.

आन्सू पुढे ब्रायटनला आणि २०२५ मध्ये मोनाकोला उसनवारीवर गेला, आणि बार्सिलोनातला १० क्रमांक लामिन यमाल या तरुण खेळाडूकडे आला. मोनाकोकडून पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. तू अजून अठराचाही नाहीस.

आता करायचे ते असे. डाव्या पायाची ताकद उजव्याच्या निदान नव्वद टक्के भरते का, आणि एका पायावरच्या उडीच्या चाचणीचा निकाल काय येतो, हे फिजिओकडून लेखी घे. ते कागद घेऊन आपण शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जाऊ. त्यांनी परवानगी लिहून दिली तर त्याच दिवशी मी सही करीन. निवड चाचणी हुकली तर हुकू दे. हे पत्र प्रशिक्षकांना दाखवण्यास माझी हरकत नाही.

तुझा,
बाबा