चिखलात उतरला होतास, एवढं सांग

शनिवार, रात्रीचे दहा

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

बाबल्या उद्या संध्याकाळच्या गाडीने मुंबईला येतोय. त्याच्याकडे पिशवी दिली आहे. कुळथाचं पीठ, सोलं, पाच किलो उकडे तांदूळ आणि आजीने भरलेली मिरची. तांदळाच्या वरच रुमालात गुंडाळून थर्मामीटर ठेवला आहे. तो आधी बाहेर काढ, बाकीचं मागाहून.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा येतो. जेवलास का विचारलं तरी अंगठा, पाय कसा आहे विचारलं तरी अंगठा. त्यातून मला काही कळत नाही म्हणून हे पत्र. भांडणाचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. पायाचंही एकदाच विचारीन.

तू गेल्यावर खालच्या कुणग्याची लावणी पुरी झाली. तुझ्या हातचा तरवा आता मान वर करून उभा आहे. तात्या रोज सकाळी मेरेवर जाऊन बघून येतात. तुला तोंडावर कधी सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते. काल वरच्या घरचे आले होते, त्यांना म्हणाले, "झिलान बरी लावणी केल्यान, बघा रांग." चार दिवसांची रजा काढून आलास, त्यातले दोन दिवस प्रवासात गेले आणि उरलेले कमरेत वाकून. वाडीतली किती मुलं आता लावणीला येतात? मी हे सगळ्यांना सांगत असते. आणि सांगता सांगता पोटात गोळा येतो, कारण मला तुझी टाच दिसते.

त्या शनिवारी दुपारी तू पडवीच्या कठड्यावर बसून पाय वर घेतला होतास. सकाळपासून पाण्यात राहून टाचेची कातडी पांढरीफटक आणि सुरकुतलेली झाली होती. त्यात काचेची ती चीर, दोन्ही काठ उघडे, रक्त थांबलेलं आणि आत चिखलाची काळी रेघ. रस्त्यावरून जाणारे बाटल्या आपल्या मळ्यात टाकतात आणि त्या आपल्याच पायांना लागतात. तू म्हणालास, व्हाळावर धुऊन आलो. अरे, व्हाळाला पाणी कुठून येतं? सगळ्यांच्या मळ्यांतून आणि गोठ्यांच्या मागूनच ना? मी साबण लावून परत धुतलं, पट्टी बांधली, उपकेंद्रात नेऊन इंजेक्शन दिलं. ते धनुर्वाताचं होतं. लेप्टोशी, म्हणजे चिखलपाण्यातून येणाऱ्या त्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाशी, त्याचा काही संबंध नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. इंजेक्शन झालं म्हणून तू निर्धास्त झालास आणि रविवारी पट्टीवर हातरुमाल बांधून पुन्हा अनवाणी चिखलात उतरलास.

गमबूट चिखलणीत रुततात, पाय वर येतो आणि बूट खाली राहतो, हे मला मान्य आहे. मीही इतकी वर्षं लावणी करते आहे. म्हणून तर लेप्टो टाळायच्या त्या गोळ्या असतात.

मंगळवारी सकाळी माजघर झाडताना आरशाच्या मागे त्या दोन्ही गोळ्या सापडल्या. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. सुहास, गेल्या आठवड्यात मी आशा कार्यकर्ती म्हणून वाडीतल्या घराघरांत फिरले. डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सिसायक्लिनच्या, शंभरच्या दोन, म्हणजे २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, लावणी संपेपर्यंत. गरोदर बाईला नाही, लहान मुलांना नाही. पोटभर जेवून, तांब्याभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकली तर आत छाला पडतो. हे मी पाठ म्हटल्यासारखं सांगते आणि समोरच्याने गोळी गिळेपर्यंत दारातून हलत नाही. लोक चिडतात, तरी हलत नाही. तुझ्या हातात पाकीट दिलं आणि मी चुलीकडे वळले. रजिस्टरात तुझ्या नावापुढे खूणही केली. घरच्याच माणसापुढे मी उभी राहिले नाही. त्या खुणेकडे आता बघवत नाही.

तुमची महानगरपालिकाच दर पावसाळ्यात सांगते ना, साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा म्हणून? गोळ्या सापडल्या तेव्हा शनिवारच्या दुपारचे ७२ तास भरायला काही तास उरले होते. मी तीन वेळा फोन लावला. मग मेसेज केला की आजच्या आज डॉक्टरकडे जाऊन गोळी घे. तुझा अंगठा आला. घेतलीस की नाही, हे मला आजही माहीत नाही. घेतली नसलीस तरी आता रागावणार नाही, पण खरं सांग.

बघ, पायावरच आले. राहवत नाही.

कालनिर्णयावर मी पेन्सिलीने टिंबं काढते आहे. आज सातवं. जंतू अंगात गेल्यावर दोन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कधीही ताप येऊ शकतो, पण बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत येतो. म्हणजे आत्ता तू त्याच दिवसांत आहेस. अशी टिंबं मी आधी एकदाच काढली होती, २०२० च्या मे महिन्यात, कोरोनात.

सोमवारी जाताना ते तू दारात काढलंस म्हणून लिहिते. चाकरमानी गाड्या करकरून येत होते आणि मी शाळेच्या फाटकावर रजिस्टर घेऊन उभी होते. तुझं नाव मीच लिहिलं. चौदा दिवस शाळेत. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीतून आपल्या घराची कौलं दिसतात, हे मला माहीत होतं. डबा गडग्यावर ठेवायचे आणि मागे सरायचे, मग तू येऊन उचलायचास. पाचव्या दिवशी तू विचारलंस, "आये, निदान खळ्यात झोपू दे." मी नाही म्हणाले. घरात आजी होती, तिचा दमा तुला ठाऊक आहे. तो आजार श्वासावाटे जायचा, अंगात काही लक्षण नसलेल्या माणसाकडूनही जायचा. आणि वाडी बघत होती. आशाच्या मुलाला घरी सोडलं असतं, तर दुसऱ्या कुणाला मी कुठल्या तोंडाने अडवलं असतं?

तुला ते इतकं लागलंय हे सोमवारी कळलं. "तुला मी मुलगा नाही, रजिस्टरातलं नाव आहे," असं म्हणालास आणि कोकणकन्या गाठायला निघून गेलास. तेव्हा चूक केली असं मला आजही वाटत नाही. पण चौदा दिवसांत एकदाही तुला सांगितलं नाही की रात्री उठून मी शाळेतला दिवा बघायचे. ते सांगायला हवं होतं. त्याबद्दल माफ कर.

आता मुद्द्याचं. हे नीट वाच.

ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं: मी कोकणात लावणीला गेलो होतो, पायाला जखम होती आणि अनवाणी चिखलात उतरलो होतो. शरम वाटून घेऊ नकोस. तू इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलास तर डॉक्टरला चिखल कसा दिसणार? जुलैतला मुंबईचा ताप, तो डेंग्यू बघेल, मलेरिया बघेल. लेप्टोतही प्लेटलेट उतरतात, म्हणून डेंग्यूच वाटतो. लेप्टोची रक्ततपासणी पहिल्या तीन-चार दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण ती ज्यावरून ओळखतात ते रक्तात तयार व्हायलाच पाच-सात दिवस लागतात. त्यामुळे तुझ्या सांगण्यावरच सगळं आहे. सांगितलंस तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतील. औषध साधंच आहे, ते वेळेत सुरू व्हायला हवं.

आपल्या आबाला लेप्टो झाला, तेव्हा त्याने तेवढंच सांगितलं नव्हतं. तू तेव्हा सातवीत होतास, तुला फक्त गाडी आठवत असेल. मला आशा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पोटऱ्या दुखतात म्हणाला, आम्हाला वाटलं लावणीने दुखतात, सगळ्यांच्याच दुखतात. डोळे लाल झाले तर म्हणाला चुलीचा धूर. ज्या दवाखान्यात गेला तिथे "व्हायरल आहे" म्हणून सांगितलं. शेतात जाता का, हे त्यांनी विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाल्ल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. पेज जेवला, पडवीत बसून बारक्याला खेळवलं. आम्ही म्हटलं सुटलो. दोन दिवसांनी ताप पुन्हा आला, डोळे पिवळे झाले, लघवी थांबली. गोव्याला नेईपर्यंत खोकल्यातून रक्त येत होतं.

म्हणून सांगते, उतरलेल्या तापावर विश्वास ठेवू नकोस. आणि अंगदुखीची गोळी आपल्या मनाने घेऊ नकोस, या आजारात किडनीवर आधीच भार असतो.

तू म्हणालास, ही गावाकडची दुखणी, मुंबईत कोण घाबरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेलेल्यांत पुढच्या आठवड्यांत लेप्टोच पसरला होता. उंदीर तिथेही आहेत. उंदराला स्वतःला काही होत नाही, जंतू त्याच्या किडनीत राहतात आणि लघवीतून पाण्यात येतात. गुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतूनही येतात. ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतात आणि कापलेल्या, भिजून मऊ झालेल्या कातडीतून आत शिरतात. डोळ्यांतून, तोंडातूनही. प्रशिक्षणात सांगितलं होतं की हा जंतू १९१५ साली जपानमध्ये ओळखला गेला, कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या आजारात. तेही पाण्यात उभं राहूनच काम करत. तुझ्या खोलीतल्या मुलांना मात्र तुझ्यापासून लागायची भीती जवळजवळ नाही, हा काही श्वासावाटे पसरणारा आजार नव्हे. त्यांना घाबरवू नकोस.

एक रोग ज्या वाटेने येतो त्या वाटेने दुसरा येत नाही, हेच लोकांच्या डोक्यात उतरवायला माझी वर्षं गेली. मास्क लावून चिखलात उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. दोडामार्गात २०१६ साली माकडताप आला, काजूच्या बागांत जाणारी माणसं आजारी पडली. तो गोचिडीतून येतो, तिथे गमबूटही पुरत नाहीत, अंगाला तेल चोळून जावं लागतं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे वेगळे धुवावे लागतात. रानात माकड मरून पडलेलं दिसलं की हात न लावता आम्हाला कळवायचं. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि करवंटीतल्या पेलाभर पाण्यात वाढतो. तुमच्या गॅलरीतला तो निळा ड्रम मी गणपतीनंतर आले होते तेव्हा पाहिला. नुसता ओतून भागत नाही, आतून घासायला लागतो. अंडी कडेला चिकटून सुकी राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की जिवंत होतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.

हे भाषण झालं. तुला आवडत नाही, कळतं. आजी म्हणते, लिहितेस किती, तो लहान आहे का? आजीच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, लहानपणी तू त्यावर बोट ठेवून झोपायचास. ती सांगते, तेव्हा भिंतींवर लिहिलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी झाला आणि देवी गेली. नुसती लस टोचून गेली नाही, गावोगाव रोगी कळवले म्हणून गेली. लपवण्यासारखं त्यात काय होतं? आणि लावणीला गेलो होतो, यात लपवण्यासारखं काय आहे?

तात्या आत झोपले आहेत, पण जागे आहेत. मघाशी विचारत होते, "पायाचा काय म्हणता?" मी म्हटलं, बरा आहे. मला माहीत नसताना म्हटलं.

थर्मामीटर सकाळी आणि रात्री लाव. १०० च्या वर गेला, पोटऱ्या दाबल्यावर दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. पैशाचा विचार करू नकोस, भाताचे आले आहेत. पिशवीतल्या गोळ्या शोधू नकोस, मी पाठवलेल्या नाहीत. आता काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, मी नाही.

रोज रात्री आठ वाजता मी फोन करीन. राग असला तर बोलू नकोस. नुसता आकडा सांग आणि ठेव.

तुझी,
आई

ता. क. टाच भरली का? एक फोटो पाठव. अंगठा नको.